तुला चैन पडेल का?

आमच्या माहेरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चीनबद्दल काहीही आलं की शेवटी माझ्यावर येऊन थांबतं. 'विचारा तिला, ती तिथंच राहते.' तिथले पूल, तिथल्या गाड्या, तिथले लोक काय खातात, सगळ्यावर साक्ष मी द्यायची. २०१३ पासून मी सुझोऊला आहे. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मालाची तपासणी करते. मायक्रोमीटर लावून शाफ्टचा व्यास मोजायचा, बसला तर पुढे, नाही तर परत. चीनच्या आत्म्याबद्दल मला कारखान्यात कुणी विचारत नाही, पण सांगलीत विचारतात.

२०२४ च्या मे महिन्यात राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला आणि ग्रुप पेटला. मुलांनी मनाचे श्लोक आणि गीतेचा अध्याय पाठ करावा असं त्यात सुचवलं होतं, आणि मूल्यशिक्षणाच्या प्रकरणात मनुस्मृतीतला एक श्लोक होता: 'अभिवादनशीलस्य नित्यं वृद्धोपसेविनः'. वडीलधाऱ्यांना नमस्कार करणाऱ्याचं आयुष्य, विद्या, यश आणि बळ वाढतं, एवढाच त्याचा अर्थ. पण पुस्तक कुठलं, हा प्रश्न उरतोच. महाडला त्या पुस्तकाची पुन्हा होळी झाली, वाहिन्यांवर आठवडाभर गदारोळ.

मामांनी लिहिलं, "चीन बघा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा कन्फ्यूशियस पोरांना शिकवतात. आईबापांना भेटायला जा असा कायदा आहे. संस्कृती जपली म्हणून पुढे गेले. आपल्याकडे नमस्कार कर म्हटलं तरी मोर्चा निघतो." त्यांची मुलगी, माझी मामेबहीण, पुण्यात मानसशास्त्रात एम. ए. करते. तिनं तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर उत्तर दिलं: "बाबा, त्याच चीनमध्ये पोरं परीक्षेच्या ताणानं कोलमडतात. नुसता आज्ञाधारकपणा म्हणजे संस्कार नव्हे, तो आजार आहे." मग दोघंही माझ्याकडे वळले. "बाळ, तूच सांग हिला." "ताई, सांग ना बाबांना."

मी अंगठ्याचं चित्र टाकून सुटले. कुणाला दिलं, तेही स्पष्ट केलं नाही. उत्तराला वर्ष गेलं, ते हे.

मामांना आवडेल ते आधी. सुझोऊत कन्फ्यूशियसचं जुनं मंदिर आहे. फान झोंगयेन नावाच्या अधिकाऱ्यानं १०३५ साली ते बांधलं, शाळेला जोडून. जून उजाडला की तिथे लाल पाट्या लटकू लागतात. 'नानजिंगला प्रवेश मिळू दे', 'गणितात गडबड होऊ नये', 'बाबांचं ब्लडप्रेशर वाढू नये' (ही एका मुलीच्या अक्षरात होती). ७ जूनला गावकाव, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा सुरू होते. २०२४ साली देशभरातून १ कोटी ३४ लाखांवर मुलं तिला बसली. परीक्षा केंद्राच्या फाटकाशी आया छीपाव घालून उभ्या राहतात, अंगासरशी शिवलेला तो रेशमी झगा. त्यातल्या 'छी'चा अर्थ झेंडा, आणि झेंडा उघडला की विजय, अशी इथली म्हण आहे. एरवी जीन्समध्ये स्कूटर चालवणाऱ्या बायका त्या दिवशी लालभडक रेशमात घाम पुसत उभ्या असतात. दहावीच्या पहिल्या पेपरला लिंबूसरबताची बाटली धरून शाळेच्या कुंपणाशी उभी असलेली माझी आई आणि त्या बायका यांच्यात मला काडीचा फरक दिसत नाही.

फोटो पाठवला असता तर मामा म्हणाले असते, बघ, म्हटलं नव्हतं? पण 'जपली' हा शब्द खोटा आहे. चीननं कन्फ्यूशियस जपला नाही. फोडला, आणि मग परत आणला.

आमच्या खात्यात निवृत्तीला टेकलेले एक शिफू आहेत. जुन्या कसबी कामगाराला इथे शिफू म्हणतात, आपल्याकडच्या 'मिस्त्री'सारखं, पण जास्त मानानं. १९७४ साली ते आठ-नऊ वर्षांचे होते. लिन प्याव (माओचा वारसदार ठरून मग गद्दार ठरलेला सेनापती) आणि कन्फ्यूशियस या दोघांवर एकदम टीका करण्याची मोहीम तेव्हा देशभर चालू होती. शाळेत त्यांना कन्फ्यूशियसची व्यंगचित्रं काढायला लावत. नाव घ्यायचं ते 'खोंग लाओ अर', म्हणजे खोंगांचा दोन नंबरचा पोरगा, गल्लीतल्या टवाळाला हाक मारावी तसं. त्याआधी १९६६ साली रेड गार्डांनी, म्हणजे माओच्या पोरसवदा अनुयायांनी, शांतोंग प्रांतातल्या छूफूला, कन्फ्यूशियसच्या गावी जाऊन त्याचा पुतळा फोडला होता, वंशजांची थडगी उकरली होती. आज शिफूंचा नातू बालवाडीत 'तीत्झ क्वेइ', म्हणजे मुलांनी कसं वागावं ते सांगणारं पद्य, घडाघडा म्हणतो. 'आईवडिलांनी हाक मारली की ओ द्यायला उशीर नको.' शिफू हसत सांगतात, "मी चित्र काढून शाबासकी मिळवली, हा म्हणून मिळवतोय." तेही पाठांतर म्हणे अतिप्राचीन. प्रत्यक्षात एका शाळामास्तरानं सतराव्या-अठराव्या शतकात रचलेलं, समर्थांच्या नंतर थोडंसंच.

सरकारचंही अजून ठरलेलं नाही. २०११ च्या जानेवारीत तिआनानमेन चौकालगत, राष्ट्रीय संग्रहालयासमोर कन्फ्यूशियसचा साडेनऊ मीटर उंचीचा काशाचा पुतळा उभा राहिला. एप्रिलमध्ये एका रात्रीत तो तिथून हलला आणि संग्रहालयाच्या आतल्या चौकात गेला. घरातल्या म्हाताऱ्याला पाहुणे आले की ओसरीवर बसवायचं, नाही तर माजघरात, त्यातला प्रकार.

मामेबहिणीला माहीत नसलेली गोष्ट याहून गमतीची आहे. चिनी भाषेत मानसशास्त्राला 'शिनलीश्वे' म्हणतात. शिन म्हणजे हृदय, ली म्हणजे रीत किंवा तत्त्व, श्वे म्हणजे अभ्यास. शब्द जपानमार्गे आला, पण त्यातला 'ली' कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या पंडितांचा लाडका शब्द. देशातली पहिली मानसशास्त्राची प्रयोगशाळा १९१७ साली पेकिंग विद्यापीठात निघाली. तेव्हाचे कुलगुरू छाय युआनपेइ स्वतः जर्मनीत लाइपझिगला, प्रयोगांवरच्या मानसशास्त्राचा पाया घालणाऱ्या वुंटच्या व्याख्यानांना बसलेले. आणि त्याच काळात, त्याच विद्यापीठाच्या आवारातून कन्फ्यूशियसच्या दुकानाला कुलूप लावण्याची हाक निघाली. म्हणजे सुरुवातीला भांडण सरळ होतं: नवं शास्त्र इकडे, जुना गुरू तिकडे.

सांस्कृतिक क्रांतीत दोघांनाही एकाच काठीनं मारलं. कन्फ्यूशियस सरंजामी, मानसशास्त्र भांडवलदारी आणि वर भोंदू. संशोधन संस्था बंद पडल्या, माणसं शेतावर गेली. १९७७-७८ च्या सुमारास दोघंही एकाच दारानं परत आले, आणि एकमेकांकडे न बघता येणं दोघांनाही जमेना. मधल्या काळात तैवान आणि हाँगकाँगच्या विद्यापीठांत काम चालू होतं. तैपेईचे यांग क्वोशू यांच्यासारख्यांनी विचारायला सुरुवात केली होती की अमेरिकन प्रश्नावली भाषांतर करून चिनी माणसाला दिली, तर मोजलं कोण जातं? चिनी माणूस की प्रश्नावली?

तपासणी खात्यातल्या बाईला हा प्रश्न कळतो. गेज चुकीचा असेल तर उत्तम माल भंगारात जातो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आईपणाचं. अमेरिकेत १९६० च्या दशकापासून पालकांचे प्रकार पाडले गेले. धाक दाखवणारे, समजावून सांगणारे, मोकळे सोडणारे. त्या फूटपट्टीनं चिनी आया हमखास धाकवाल्या रकान्यात पडायच्या, आणि त्या रकान्यातली मुलं अभ्यासात मागे पडतात असं शास्त्र सांगायचं. चिनी मुलं मात्र मागे पडत नव्हती. १९९४ साली रूथ चाव या संशोधक बाईंनी म्हटलं, रकाना चुकतोय. चिनी आई जे करते त्याला चिनीत 'क्वान' म्हणतात. त्याचा अर्थ ताब्यात ठेवणं, आणि त्याचाच अर्थ काळजी घेणं. 'त्याला कुणी क्वान करणारं नाही' म्हणजे पोराला वाली नाही.

हे वाचलं तेव्हा मला इंग्रजीत समजावून घ्यायची गरजच पडली नाही. आपल्याकडे 'वळण' आहे. वळण लावणं म्हणजे छळणं नव्हे, आणि वळण न लावणं म्हणजे स्वातंत्र्य देणं नव्हे. 'त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही' या वाक्यात आपण पाळत आणि माया एकाच शब्दात बोलतो.

तर मामा खूश. जरा थांबा. २०१३ साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या ४४४ चिनी-अमेरिकन कुटुंबांचा आठ वर्षांचा अभ्यास छापून आला. वाघिणीसारखी आई असली की मूल चमकतं, या गाजलेल्या समजाची ती परीक्षा होती. समज टिकला नाही. माया करणाऱ्या, समजावणाऱ्या पालकांची मुलं अभ्यासातही पुढे आणि मनानंही ठीक. वाघिणींची मुलं जास्त खचलेली, घरापासून जास्त तुटलेली. आणि त्या कुटुंबांत सर्वांत जास्त पालक कुठले होते? पहिल्या प्रकारचेच. म्हणजे 'क्वान'मध्ये दोन धागे आहेत आणि ते सुटे करता येतात.

ते सुटे केले तैपेईच्याच येह क्वांगह्वेइ यांनी, ऑल्वेन बेडफर्ड यांच्यासोबत, २००३ साली. विषय होता 'श्याव'. मातृपितृभक्ती म्हणा, आपल्याला पुंडलिक आणि श्रावणबाळ माहीत असल्यामुळे फार समजवावं लागत नाही. लिहिताना हे अक्षर असं दिसतं: वर म्हातारा, खाली पोर, पोरानं म्हाताऱ्याला पाठुंगळी घेतलंय. या अभ्यासकांनी म्हटलं की ही एक गोष्ट नाही, दोन आहेत. एक देवघेवीची: त्यांनी मला वाढवलं, मला त्यांच्याबद्दल वाटतं, म्हणून मी करतो. दुसरी अधिकाराची: ते वर, मी खाली, म्हणून मी करतो. बाहेरून कृती तीच. पाय दाबणं दोन्हीकडे दिसतं. पण पहिली जिथे जास्त तिथे घरातली भांडणं कमी, जिवाला बरं. दुसरी जिथे जास्त तिथे बहुतेकदा उलट चित्र दिसतं, चिंता आणि उदासपणाकडे झुकणारं. आणि एकाच माणसात दोन्ही कमी-जास्त प्रमाणात असतात.

मामा आणि त्यांची लेक गेलं वर्षभर एकाच शब्दाबद्दल भांडतायत असं त्यांना वाटतं. ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. मामा म्हणतात नमस्कार, तेव्हा त्यांना पहिली दिसते. ती ऐकते तेव्हा तिला दुसरी ऐकू येते. आणि मनुस्मृतीतून उचललेला श्लोक म्हटला की तिलाच काय, कुणालाही दुसरीच ऐकू येणार, कारण त्याच पुस्तकात 'न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति' आहे आणि शूद्रांबद्दल जे आहे ते मी इथे लिहीत नाही. कन्फ्यूशियसच्या परंपरेत जात नाही. तिथे तुलना संपते. पण बाईपुरती संपत नाही. लहानपणी बापाचं, लग्नानंतर नवऱ्याचं, विधवा झाल्यावर मुलाचं ऐकावं, ही तिथली 'तीन आज्ञापालनं' वाचली तेव्हा मला वाटलं कुणीतरी आपलाच श्लोक चिनीत उतरवलाय. २०१७ च्या डिसेंबरात ल्याओनिंग प्रांतातल्या फूशुनमध्ये बायकांना 'स्त्रीधर्म' शिकवणारी एक संस्था प्रशासनानं बंद केली. नवऱ्यानं मारलं तरी उलट हात उचलू नये, अशा धर्तीचे धडे तिथे दिले जात होते आणि त्यांचं चित्रण बाहेर आलं. परंपरेचे वर्ग असेच चोरपावलानं येतात, मामा. पाटीवर 'संस्कृती' लिहिलेलं असतं, आत काय शिकवतात ते कुणीतरी मोबाइलवर टिपेपर्यंत कळत नाही.

माझ्या मुलाची गोष्ट सांगते. तो दहा वर्षांचा आहे, बुजरा आहे. आमच्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांना आम्ही 'आयी' म्हणतो; इथे आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला आयी म्हणतात. लहानपणी तो मला आई आणि त्यांना आयी म्हणायचा, दोघींना हाक एकदमच ऐकू जायची. आयी त्याच्याकडे बघून म्हणतात, "किती क्वाय!" म्हणजे गुणी, ऐकणारा, शहाणं बाळ. त्याच आठवड्यात शाळेतून बाईंचा निरोप येतो: वागणूक उत्तम, पण हात वर करत नाही, घरी त्याला धीट करा.

आयी आणि बाई यांच्यात तीस वर्षांचं अंतर आहे, आणि ते अंतर मोजलेलं आहे. शिनयिन चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शांघायमधल्या शाळकरी मुलांचा तीनदा अभ्यास केला: १९९०, १९९८ आणि २००२. १९९० मध्ये बुजरी मुलं वर्गात आवडती होती, अभ्यासात पुढे, शिक्षकांच्या मर्जीतली. पश्चिमेतल्या निष्कर्षांच्या नेमकं उलट, आणि म्हणून तेव्हा लोकांनी लिहिलं की बघा, कन्फ्यूशियसच्या देशात संयम हा गुण आहे. १९९८ मध्ये चित्र धूसर झालं. २००२ मध्ये तशीच बुजरी मुलं वर्गात बाजूला पडलेली, शाळेत अडखळणारी, उदास. बारा वर्षांत. बुजरेपणा बदलला नव्हता, वर्ग बदलला होता. नोकरी सरकार देईनासं झालं, मुलाखत द्यावी लागू लागली, स्वतःचा माल स्वतः खपवायची वेळ आली. अडीच हजार वर्षांची म्हणून मिरवलेली गोष्ट बारा वर्षांत उलटली. मला या विषयातलं दुसरं काहीही लक्षात राहिलं नाही तरी हे राहील. 'आपली संस्कृतीच अशी आहे' असं कुणी म्हटलं की मी मनात विचारते, कुठल्या सालची?

आणि कुठल्या गावची? हा थॉमस टॅलहेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा प्रश्न. चीनमध्ये उत्तरेला गहू, दक्षिणेला भात. भाताला पाणी लागतं, पाट लागतात, शेजाऱ्याशी जमवून घ्यावं लागतं. २०१४ साली त्यांनी दाखवलं की भाताकडची माणसं जास्त 'आपण'वाली, गव्हाकडची जास्त 'मी'वाली. पुढे त्यांनी कॉफीच्या दुकानांत खुर्च्या वाट अडेल अशा ठेवल्या आणि कोण सरकवतं ते पाहिलं. गव्हाकडे १६ टक्के लोकांनी खुर्ची हलवली, भाताकडे ६ टक्क्यांनी. बाकीचे अंग चोरून निघून गेले. या सिद्धांतावर आक्षेप आलेत, येऊ देत. पण कन्फ्यूशियसचं छूफू गव्हाच्या मुलखात येतं, हे मला फार आवडलं. माझा नवरा रत्नागिरीचा, मी सांगलीची. आमच्या घरात खुर्ची कोण सरकवतं ते सांगायला नको.

मेंदूचे फोटो काढून 'चिनी माणसाच्या डोक्यात मी आणि आई एकाच जागी असतात' असं सांगणारा २००७ चा पेकिंगचा अभ्यासही लोक फार मिरवतात. माणसं मोजकीच होती. त्यावर मी जपूनच विश्वास ठेवते.

मामेबहिणीच्या बाजूचं एक. १९८० च्या सुमारास आर्थर क्लाइनमन हे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हुनानमधल्या छांगशाला गेले. तिथे रुग्णांना सर्रास एक निदान मिळे: 'शेनचिंग श्वायरुओ', मज्जातंतूंचा अशक्तपणा. डोकं दुखतं, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही. असे शंभर रुग्ण त्यांनी तपासले. ८७ जणांना त्यांच्या मते नैराश्य होतं. पण 'मी खचलोय' म्हणणं त्या काळात राजकारणाच्या दृष्टीनंही धोक्याचं होतं आणि घराण्याची अब्रू घालवणारंही. डोकं दुखतं म्हणायला परवानगी होती. आजही आमच्या खात्यातली मुलं-मुली ताण आला असं म्हणत नाहीत, पोट बिघडलं म्हणतात. माझी आई बाबा गेल्यावर वर्षभर 'छातीत धडधडतं' म्हणत होती. ईसीजी तीनदा काढला. तिन्ही साफ.

बाबा २०२१ च्या मे महिन्यात गेले. तेव्हा भारतातून चीनमध्ये परत येण्याची वाट बंद होती. गेले असते तर नवरा, मुलगा, नोकरी इकडे आणि मी तिकडे, किती महिने ते कुणीच सांगू शकत नव्हतं. मी गेले नाही.

कन्फ्यूशियसच्या संवादांत एक वाक्य आहे: आईवडील हयात असताना लांब जाऊ नये, जायचंच तर ठिकाण ठरलेलं असावं. माझं ठिकाण ठरलेलं होतं. फक्त इथे व्हॉट्सअॅप चालत नाही आणि भारतात २०२० पासून वीचॅट चालत नाही. आईशी बोलायला मला रोज चोरवाट लावावी लागते. त्या दिवशी ती तीनदा तुटली.

त्याच संवादांत त्साय वो नावाचा एक शिष्य आहे, जरा आगाऊ. तो म्हणतो, आईबापांच्या मागे तीन वर्षं सुतक फार झालं, एक वर्ष पुरे. गुरू त्याला शास्त्र सांगत नाही. विचारतो, "वर्षातच भात खाल्लास, भारी कपडे घातलेस, तर तुला चैन पडेल का?" तो म्हणतो, पडेल. "मग कर तसं." शिष्य गेल्यावर मात्र गुरू कडवट होतो: पोर तीन वर्षं आईबापांच्या कडेवर असतं, याला काय मिळालं नाही? मी कितीतरी वेळा वाचलं हे. लोक ज्याला नियम सांगणारा म्हातारा समजतात, तो इथे नियम बाजूला ठेवून माणसाच्या आत काय होतंय ते विचारतो. आणि उत्तर न आवडूनही समोर अडवत नाही.

कायदा असं विचारत नाही. मी इथे आले त्याच उन्हाळ्यात, १ जुलै २०१३ ला, चीनचा वृद्धांसाठीचा सुधारित कायदा लागू झाला. वेगळं राहणाऱ्यांनी आईवडिलांना वरचेवर भेटावं असं त्यात आहे. त्याच दिवशी वूशीच्या न्यायालयानं एका लेकीला आदेश दिला: ७७ वर्षांच्या आईला दोन महिन्यांतून एकदा तरी भेटायला जायचं. वूशी आमच्याकडून रेल्वेनं पाऊण तासाच्या आत. मी त्या लेकीचा फार विचार करते. दोन महिन्यांनी ती गेली असेल, आईनं चहा दिला असेल, दोघींनी घड्याळाकडे पाहिलं असेल. आपल्याकडे २००७ चा निर्वाहाचा कायदा आहे. लातूर जिल्हा परिषदेनं तर आईबापांना न विचारणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापून त्यांच्या खात्यात भरायचं ठरवलं. म्हाताऱ्या माणसाला औषधाला पैसे मिळाले तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण मामा, याला संस्कृती जपणं म्हणू नका. ही वसुली आहे, आणि ती करावी लागते याचा अर्थ संस्कृती तिथे आधीच पोचलेली नाही. कन्फ्यूशियसनंच म्हटलंय, खायला घालायचं तर आपण कुत्र्या-घोड्यांनाही घालतो. मनात आदर नसेल तर फरक काय राहिला?

आणि बाई गं, तुझ्यासाठी. जुनं सगळं आजार आहे म्हणून टाकून दिलंस तर बापाला अडवायचं कुठल्या भाषेत? 'श्याव'च्या जुन्या ग्रंथात स्पष्ट आहे की वाद घालणारा मुलगा ज्या बापाला असतो तो बाप अधर्मात पडत नाही. शिफूंचा नातू म्हणतो त्या पाठांतरातसुद्धा आहे: आईबाप चुकले तर समजवावं, हसऱ्या चेहऱ्यानं, मऊ आवाजात. तुझा आवाज मऊ नव्हता. पण तू ग्रुप सोडून गेली नाहीस, आणि त्यांनीही तुला काढलं नाही.

आपल्याकडे या गोष्टींचं मोजमाप अगदीच झालं नाही असं नाही. जे. बी. पी. सिन्हा यांनी भारतीय कचेऱ्यांत मायाही करणारा आणि कामही करून घेणारा साहेब शोधला, तो 'क्वान'चा सख्खा भाऊ. कॅनडात राहून आनंद परांजपे यांनी आपल्या तत्त्वज्ञानातला 'मी' आणि मानसशास्त्रातला 'मी' शेजारी ठेवून तपासले. पण हल्ली 'भारतीय ज्ञान परंपरा' या नावाखाली जे खपतं, त्यातलं बरंचसं मला मायक्रोमीटर न लावताच 'पास'चा शिक्का मारल्यासारखं वाटतं. पाठांतरानं एकाग्रता वाढते म्हणता? वाढत असेल. दोन शाळा घ्या, एकीत म्हणून घ्या, दुसरीत नको, आणि वर्षानं बघा. मनाचे श्लोक मला पंचवीसपर्यंत अजून येतात, रात्री झोप आली नाही की म्हणते. यावरून काहीच सिद्ध होत नाही. चीनचं कौतुक करायचं तर या मोजण्याचं करावं, आणि तेही जपून, कारण इथल्या कायद्याला आणि शाळांना त्या दोन धाग्यांतला अधिकाराचाच धागा जास्त सोयीचा वाटतो असं मला दिसतं.

२०२५ च्या चिनी नववर्षाच्या सुट्टीत, जानेवारीअखेर, मी सांगलीला होते. मामेबहिणीनं तिच्या प्रबंधासाठी येह यांची सोळा वाक्यांची प्रश्नावली मराठीत केली होती आणि घरच्यांवरच पहिला प्रयोग लावला. वाक्य वाचायचं, एक ते सहा गुण द्यायचे. 'न पटलं तरी आईवडिलांचं ऐकावं' याला मामांनी ठसठशीत सहा दिले. 'वंशाला एक तरी मुलगा हवा' याला एक. त्यांना ही एकुलती एक मुलगी. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं, पहिल्या सहावर काट मारली आणि चार केले. "हे मोजायला धरू नको," म्हणाले, "खाडाखोड झालीय."

आईनं चष्मा लावून सावकाश भरलं. पंधरा वाक्यांपुढे आकडे होते. एक जागा कोरी होती: 'कितीही लांब असलं तरी आईवडिलांच्या मृत्यूनंतर तातडीनं घरी यावं.'

"आत्या, हे राहिलं."

"तो प्रश्न मला कळला नाही," आई म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.